मुसंडेसाहेबांचं शतावरी-रक्षण

डोंगरापलीकडं एक जंगल होतं. तिथं निवडणुका व्हायच्या, म्हणजे सुधारलेलंच जंगल म्हणायचं.

जंगलात शतावरी होती. कुणी व्याली आणि दूध उतरेना, की साळिंदरांची म्हातारी साळूआजी वेलीच्या एकाच बाजूनं उकरायची. निम्म्या मुळ्या घ्यायची, बाकीच्यांवर माती लोटायची आणि वेलीला सांगायची, "राहा गं बाई, पुढच्या साली येते." त्या मुळीवर जंगलातली पिल्लं वाढली.

मग रानडुक्कर मुसंडेसाहेब वनमंत्री झाले. अर्धी उकरलेली वेल बघून त्यांचा जीव कळवळला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आजवर या जंगलात सगळी कामं अर्धवट झाली. मी एकही मुळी मागं ठेवणार नाही!"

माकडांनी फांद्या हलवल्या. "कोण म्हणतो खणणार नाय? खणल्याशिवाय राहणार नाय!"

शतावरी-रक्षण अभियान सुरू झालं. मातीत मुळीला वाळवी लागते, उंदीर लागतात, म्हणून ती सुरक्षित जागी हलवायची ठरली. डुकरांना आपल्या पोटाइतकी सुरक्षित जागा दुसरी सापडली नाही. त्यांचा तरी काय दोष म्हणा.

पुढच्या पावसाळ्यात एकही वेल वर आली नाही. त्याच सुमारास टिकली नावाची भेकर व्याली. तिला दूध येईना. पाडस कोरडंच चोखत राहायचं. साळूआजीनं सगळं रान उकरून पाहिलं आणि रिकाम्या हातानं परत आली. सांगताना माझंच डोकं फिरतं.

टिकली साहेबांकडं गेली. "साहेब, शतावरी उरली नाही हो."

"म्हणजे आता चोरीची भीती गेली," साहेब म्हणाले. "अभियान यशस्वी झालं की, ताई."

तरी चौकशी समिती नेमली. तिच्यावर डुकरंच होती, त्यांना विषयाचा अनुभव होता. रान उकरताना साळूआजीला सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तिला अटक झाली. खड्ड्यांत पाणी साठलं, तेव्हा साहेबांनी जलसंधारणाची फीत कापली.

एवढ्यात निवडणूक आली. साहेबांनी कुठूनशी जपलेली एक मुळी काढली आणि सभेत उंच धरली. "मला पुन्हा निवडून द्या, शतावरी परत आणतो!"

टिकलीनं पोटाशी पडलेल्या पाडसाकडं पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी खूर वर केला.

साहेब निवडून आले. मुळी जपून ठेवली आहे, पुढच्या सभेला लागेल.