शेठजींचा रुंद हिरा

साताऱ्याचे सराफ त्र्यंबकशेठ गिऱ्हाइकाला अक्कल शिकवल्याशिवाय काही विकत नसत. साखरपुड्याच्या अंगठीसाठी अन्वय आणि शर्वाणी आले, तेव्हा त्यांनी एक चांगला रुंद हिरा पुढे केला. अन्वय तर बघूनच भाळला.

शर्वाणी हिरा निरखू लागली, तसे शेठजी अन्वयला म्हणाले, "डोळे मिटून घ्या! बाईमाणसाला हिऱ्यातलं काय कळणार?"

शर्वाणीनं हिरा दुकानाच्या छापील कार्डावर पालथा ठेवला. "शेठजी, यातून तुमचं नाव स्वच्छ वाचता येतंय."

"मग! आहेच तेवढा निर्मळ!"

"वाचायला माझ्याकडे चष्मा आहे. नीट कापलेला हिरा उजेड परत फेकतो. हा कमी खोल कापलाय, म्हणून उजेड खालून सांडतो."

"पण दिसतो केवढा मोठा!"

"उथळ असलं, की मोठेपणाचा आव आणावाच लागतो, शेठजी."

शेठजींनी दुसरा, लहान हिरा काढून त्याच कार्डावर पालथा ठेवला. त्याच्याखालचं एक अक्षरही दिसेना, आणि शेठजीही पुढे एक अक्षर बोलले नाहीत.