लिंबाजीचा आजारी खुंटा

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गोठेवाला होता. भोळा म्हणजे कसा, सांगितलेलं सगळं करायचा. फक्त जिथं सांगितलं तिथं करायचा नाही. दावणीला तीन गाई होत्या आणि तिन्ही गाभण होत्या. घरातला कारभार बायकोचा, गजराबाईचा.

पहिली गाय व्याली. लिंबाजीनं सगळा चीक काढला, गूळ-वेलदोडा घालून खरवस केला आणि आळीभर वाटला. आळी खूश झाली. वासरू मात्र तिसऱ्या दिवशी हगवणीनं गेलं. जनावरांचे डॉक्टर तालुक्याहून आले. त्यांनी समजावलं, की चिकातच वासराची सगळी ताकद असते, तो आधी वासराच्या पोटात जायला हवा. लिंबाजीनं मान डोलावली.

दुसरी गाय व्याली. या खेपेला चीक वासरालाच मिळाला. लिंबाजी शहाणा झाला, असं लोक म्हणू लागले. जरा घाईच केली त्यांनी. चौथ्या दिवशी शेजारणीकडून खरवसाची वाटी आली. खरवस म्हणजे चीकच की. लिंबाजीनं वड्या मोडून मोडून वासराला भरवल्या. वासराचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

डॉक्टर धावत आले. त्यांनी पोट उतरवलं आणि बजावलं, "आईचं दूध सोडून परक्या घरचं काही याच्या तोंडाला लावायचं नाही." जाताना औषधाची पुडी दिली, कोमट पाण्यातून पाजायला. डॉक्टर गेल्यावर लिंबाजीनं विचार केला. डॉक्टरांचं घर तालुक्याला. म्हणजे परकंच. त्यानं पुडी वळचणीला खोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेही वासरू गेलं.

डॉक्टर आता घाबरले. त्यांनी धडा अगदी सोपा केला. कोणी आजारी दिसलं, की वेगळं बांधायचं. कितीही ओरडलं तरी सोडायचं नाही. सोडण्याआधी ताप बघायचा. थर्मामीटरही दिला, आणि कसा लावायचा ते गाईला लावून दाखवलं.

तिसरी गाय गजराबाईच्या माहेरची. तिला कालवड झाली. गजराबाईनं नवऱ्याला शांतपणे सांगितलं, "ही गेली, तर मीही भावाकडे जाते. मग खरवस तुम्हीच खा."

सहाव्या दिवशी कालवडीनं कान पाडले. लिंबाजीनं तिला लगेच वेगळं बांधलं आणि डॉक्टरांना बोलावलं. इथवर कुठं चुकलं नाही. डॉक्टर आले, पिशवी खाली ठेवली आणि दोनदा शिंकले.

लिंबाजी बैल पाडून खुरांना पत्र्या ठोकणारा गडी. डॉक्टरांना बांधायला कितीसा वेळ लागणार?

गजराबाई रानातून आली, तर डॉक्टर गोठ्याच्या पार टोकाला, खुंट्याला बांधलेले.

"अहो, हे काय केलंत?"

"शिंकतायत. कालवडीला लागायला नको."

डॉक्टर मोठे भले माणूस. ते खुंट्यावरूनच म्हणाले, "वहिनी, माझं राहू द्या. आधी पिशवीतली पुडी काढा." ते सांगत गेले, ती करत गेली. कोमट पाणी, पुडी, थोडं थोडं पाजणं. दुपार कलली तेव्हा कालवड उठून उभी राहिली आणि गजराबाईची बोटं चोखू लागली. गजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. कालवडीवरची नजर न काढता ती म्हणाली, "आता सोडा त्यांना."

लिंबाजी नाही कशाला म्हणेल? त्यानं थर्मामीटर स्वच्छ धुतला, पुसला आणि डॉक्टरांच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

गाईचा ताप कुठून बघतात, हे गाई पाळणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी विचारू नये.

डॉक्टरांनी एकदाच वळून पाहिलं. मग असा हिसडा दिला की खुंटा मुळासकट वर आला. दावं कमरेला, खुंटा मागून उड्या मारतोय, असे ते भर बाजारातून तालुक्याच्या रस्त्याला लागले.

लिंबाजी दारात उभा राहून समाधानानं बघत होता.

"खुंटा उपटून पळतंय," तो बायकोला म्हणाला, "म्हणजे बरं झालं."