गारंबीने धरलेलं खोड

खोड कोमट आहे, हे गारंबीच्या वेलीला पहिल्याच वेढ्याला खटकलं होतं. झाडंवेली एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. वेलींच्या रीतीप्रमाणे ती रानातल्या सर्वांत गडद सावलीकडे सरपटत गेली आणि तिथल्या जाड, करड्या खोडाला चार दिवसांत चार वेढे घालून बसली. आता सोडावं तर उन्हापर्यंत पोचायचं कसं? आणि धरून राहावं तर खोड मधूनच थरथरत होतं.

"फणसकाका, माझं खोड श्वास घेतंय हो," ती शेजारच्या फणसाला म्हणाली.

"तुला काल मुंगीसुद्धा वाघ वाटली होती. गप वर चढ."

तिने भीतभीत वर पाहिलं. फांदी नाही, पान नाही.

"वर कुणी आहे का? हे झाड चालायला लागलं तर मी मुळासकट जाईन हो."

मग वरून एका हत्तीचा रडवेला आवाज आला, "ताई, जरा हळू बोला. माझ्या पायाला काहीतरी धरून बसलंय. चार दिवस मी भीतीने हललेलो नाही. काय आहे ते बघता का?"