शिरसोंडीचा पाळक बाहेर का बसतो

शिरसोंडीच्या माळावर ख्रिस्ती मंडळीचं एक बेताचं देऊळ आहे. दगडी भिंती, वर पत्रा आणि दारासमोर भर उन्हात एक काळा धोंडा. प्रभुभोजनाच्या रविवारी कुणी नवखा पाहुणा आला की त्याची हमखास भंबेरी उडते. भाकर वाटून होते, द्राक्षरसाचा प्याला बाकांवरून फिरून येतो, शेवटचा घोट पाळकसाहेब घेतात आणि कोट सावरत सरळ बाहेर जाऊन त्या धोंड्यावर बसतात. आत मंडळी खुशाल गीत गात राहते. पाहुण्याला वाटतं, पाळक रुसले. एकदा शहरातून आलेली एक बाई, त्यांना भोवळ आली असं समजून, पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावली होती. देवळाची झाडलोट करणाऱ्या मार्थाआजी अशा पाहुण्यांना दंडाला धरून खाली बसवतात. "बसा हो. त्यांना न्यायला जाईल कुणीतरी. ही आमच्या सावळाबाची रीत हाय," म्हणतात, आणि उपासना संपली की सगळी हकिकत सांगतात.

सावळा वाघचौरे हा विहिरी खोदणारा गडी होता म्हणे. आसपासच्या पाच गावांतल्या विहिरी त्याच्या हातच्या. पण त्या काळची तऱ्हा अशी, की खडक फोडेपर्यंत सावळा लागायचा आणि पाणी लागलं की त्याचाच विटाळ व्हायचा. आपणच खोदलेल्या विहिरीच्या काठावर तो ओंजळ धरून उभा राही आणि वरून कुणी धार धरली तर पिई. असा माणूस बाप्तिस्मा घेऊन पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसला. रणरणत्या दुपारी, थेट विहिरीच्या तळातून वर येऊन, अंगावरची माती कशीबशी झटकून तो आला होता.

प्याला शेजाऱ्यानं ओठाला लावला आणि तसाच, हातातून हातात, सावळाला दिला. असं भांडं त्याला जन्मात कुणी दिलं नव्हतं. त्याच्या घरची शिकवण अशी, की मायेनं दिलेल्या भांड्यात थेंब उरवला तर देणाऱ्याचा अपमान होतो. सावळानं डोळे मिटले आणि प्याला घटाघटा रिकामा केला. वर तो उपडा करून सगळ्यांना दाखवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "झ्याक झालं!"

त्याच्या मागचे चार बाक कोरडेच राहिले. रस काढायला भिजवलेल्या मनुका संपलेल्या होत्या आणि पाळकांचा संयमही.

पाळक होते एलिया उजागरे. माणूस सरळ, पण नेमाचा असा की त्यांचा कोंबडासुद्धा वेळेवर आरवायचा, असं लोक म्हणत. त्यांनी तिथल्या तिथे फर्मावलं, "सावळाभाऊ, मंडळीची शिस्त म्हणून एक वर्ष तुम्ही या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बाहेर बसा, ऐका आणि शिका."

दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. भाऊबंद तर टपलेच होते. "तेलबी गेलं, तूपबी गेलं, हाती आलं धुपाटणं," ते म्हणाले. "आपले देव सोडलेस, अन् ह्यो नवा देव दारात उभा करीना." बायको तान्हाबाई म्हणाली, "आवं, लाज कशी वाटत न्हाई? हाकललेल्या दारात कुणी जातं व्हय?"

"बाहीर बसा म्हनले," सावळा म्हणाला. "घरी बसा कुठं म्हनले?"

आणि तो रविवारी त्या धोंड्यावर जाऊन बसला. त्याला एकच हवं होतं, त्या प्याल्यापाशी पुन्हा बसायचं. त्यासाठी वर्षभर बाहेर बसायला लागलं तर तो बसणार होता.

त्याचा ताप मात्र आतल्या लोकांनाच जास्त झाला. सावळाला खिडकीतून गीत ऐकू येई ते थोडं उशिरा, आणि गळा तर विहिरीच्या तळातून वरच्या गड्याला हाक मारून तयार झालेला. आतले लोक कडवं संपवून बसले की बाहेरून सावळा त्यांना पुन्हा उठवी. पेटीवाला घामाघूम होई. एकदा उपासना चालू असताना वळवाच्या गारा आल्या. आत चुळबुळ झाली, बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या, पण पाळकांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणी हाक मारली नाही. सावळानं घमेलं डोक्यावर उपडं घातलं आणि बसून राहिला. त्या घमेल्यावर गारांचा असा ताशा वाजला, की त्या दिवशीचं प्रवचन फक्त देवानंच ऐकलं असेल.

पुढे पावसानं दडी मारली. विहिरी आटल्या, माणसं तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. सावळाही गेला. पण रविवारी भल्या पहाटे उठून, फडक्यात अर्धी भाकरी बांधून, तो तिथून पायी धोंड्यावर हजर. देवळात बाक तेवढे उरले होते. उजागरे पाळक रिकाम्या बाकांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपली उरलीसुरली मंडळी बाहेर शिक्षा भोगत बसली आहे. आत ये म्हणावं तर नेम मोडतो. शेवटी त्यांनी व्यासपीठ ओढत खिडकीशी आणलं आणि प्रवचन बाहेर सोडलं. सावळानं बाहेरून मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

असे किती रविवार गेले कोण जाणे. मग एकदा पाळक हातात कुलूप घेऊन बाहेर आले. गालफडं बसली होती, कोट अंगावर लोंबत होता.

"सावळाभाऊ, मी जातो," ते म्हणाले. "इथं आता कुणी उरलं नाही. देऊळ बंद करतो."

सावळा दचकून उभा राहिला. "आन् माझं वरीस? ते पुरं व्हायचंय अजून."

"अहो, आता कसलं वर्ष?"

"असं कसं, पाळकसाहेब? आत कुणी असलं तर मी बाहीर. तुम्ही कुलूप घालून गेलात तर मी कशाच्या बाहीर बसू?"

सावळानं फडक्यातली भाकरी मोडून निम्मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या खाल्ली, डोळे पुसले, कुलूप खिशात टाकलं आणि आत जाऊन प्रार्थनेला सुरुवात केली. पण तुम्ही आत या, हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. माणूस नेमाचा!

पुढच्या साली पाऊस झाला, माणसं परतली, वर्ष भरलं. तो रविवार प्रभुभोजनाचा होता. सावळा नवं धोतर नेसून पहिल्या बाकावर बसला. पण प्याला हाती आला आणि त्याला वर्षापूर्वीचा प्याला आठवला. पुन्हा जास्त प्यायलो तर? त्यानं नुसती मिशी भिजवली आणि प्याला पुढे दिला. ते पाहून पुढच्यालाही धास्ती पडली, त्याच्या पुढच्यालाही. कुणालाच दुसरा सावळा व्हायचं नव्हतं. सगळे बाक फिरून प्याला पाळकांकडे आला तो जवळजवळ काठोकाठ.

आता उजागऱ्यांचाच दंडक होता, की प्रभुभोजनातलं काही उरवायचं नाही आणि सांडायचंही नाही. पाळकांनी प्याल्याकडे पाहिलं, मंडळीकडे पाहिलं आणि तो अख्खा प्याला रिकामा केला.

बायकांच्या बाजूनं तान्हाबाईचा आवाज आला, "आगं बया! समदंच पिलं की!"

पाळकांनी प्याला खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. मग ते बाहेर गेले आणि धोंड्यावर बसले. हसावं की रडावं, कुणालाच कळेना. थोड्या वेळानं सावळा उठून त्यांच्यामागे गेला.

"पाळकसाहेब, चला आत."

"वर्ष कुठं झालंय?" पाळक मान खाली घालून म्हणाले.

"मला बोलवाया कुणी आलं न्हाई, म्हनून वरीस लागलं," सावळा म्हणाला. "तुमाला मी आलोय की."

आणि त्यानं हात पुढे केला. पाळक तो हात धरून ओक्साबोक्शी रडले, असं सांगतात.

तेव्हापासून ही रीत पडली. आजही शिरसोंडीचा पाळक प्याल्यातला शेवटचा घोट घेऊन बाहेर जातो आणि बोलावल्याशिवाय आत येत नाही. बोलवायला जाण्याचा मान, वर्षभरात पाळकानं ज्याला सगळ्यात जास्त झापलं असेल, त्याचा. कधी तो गडी लगेच उठतो. कधी तो तोंड फिरवून बसतो, गीताची सगळी कडवी संपतात, पेटीवाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि पाळक उन्हात घाम पुसत राहतो. पण आजवर कुणी उठलाच नाही, असं एकदाही झालेलं नाही.