खिळा कधीचा?

इनामदारांनी भर बाजारात चप्पल उलटी धरली. तळात खिळा होता. “चंद्रव्वा, नुसत्या चामड्याच्या वादीनं शिवते म्हणून मिरवतेस ना? उद्यापासून तुझी इथली जागा बंद!”

चंद्रव्वाने विचारलं, “कधीपासून टोचतोय, सरकार?”

“घेतल्या दिवसापासून! दोन महिने रोज ओढा ओलांडतो, रोज टोचतो.”

तिने चप्पल त्यांच्या हातून घेतली, खिळा उपटला आणि भोक सगळ्यांना दाखवलं. “माझं चामडं बाभळीच्या सालीत मुरलेलं. ओल्यात लोखंड टेकलं, की तिथं काळं पडतं. हे भोक तर कोरं आहे. टाके माझे, सरकार. खिळा तुमचा, तोही आजचा.”

बाजार हसला. इनामदार एका चपलेनिशीच वळले.

“थांबा, भोक बुजवून देते,” चंद्रव्वा म्हणाली. “माझ्या हातची चप्पल अशी जायची नाही.”