घडी घातलेला फोटो

“गळा माझा आणि फुलं त्याला? मास्तर, हा कुठला न्याय?”

तरुण शिष्य कोनराडनं पेपर टेबलावर आपटला. मास्तर हाल्मनी चहाचा कप तेवढा उचलून धरला.

मास्तर जर्मनीतले जुने ऑपेरा गायक. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. मास्तरांसारख्या भरदार आवाजाच्याला बॅरिटोन म्हणतात. त्याला राजा करतात नाहीतर खलनायक. नायिका मिळते ती बारीक आवाजाच्याला.

झालं होतं असं. मोठ्या नाट्यगृहात एका बड्या गायकाचा घसा ऐन प्रयोगाला बसला. तिकडची रीत अशी, की आजाऱ्यानं नुसते ओठ हलवायचे आणि दुसऱ्यानं कोपऱ्यात उभं राहून गायचं. कोनराडला बोलावलं. तो जीव तोडून गायला. पेपरात वाहवा बड्याचीच.

“पडदा उघडायच्या आधी मॅनेजरनं तुझं नाव सांगितलं ना?”

“सांगितलं. लोक खोकत होते.”

“आणि तो बडा?”

“ढुंकून बघितलं नाही! नाव तरी विचारावं माणसानं. तुम्ही पेपरात पत्र लिहा, आवाज याचा होता म्हणून. तुमचा शब्द कोण मोडेल? तुम्ही राजा झालात त्या प्रयोगाची आठवण लोक अजून काढतात. तोच ऐकून मी गाव सोडलं.”

खरं होतं. त्या एका प्रयोगावर मास्तरांचा सगळा जन्म निघाला होता. नोकरी, मान, शिष्य, सगळं.

मास्तर उठले. त्याच प्रयोगाचा फोटो भिंतीवर होता. डोक्यावर मुकुट, तोंड उघडं. तो काढला, चौकटीमागचे खिळे सुरीनं उचकटले.

फोटोची एक बाजू मागं दुमडलेली. चाळीस वर्षांची घडी ती, उलगडताना चिरली.

घडीत एक माणूस. काळा कोट, हातात कागद. त्याचंही तोंड उघडं.

“म्हणजे त्या दिवशी तुम्ही...”

“घसा बसला होता.”

“मग हे कोण?”

“गाणारा.”

“मास्तर, यांचं नाव काय?”

“विचारलं नाही.”

“चाळीस वर्षांत? लाज नाही वाटली?”

“वाटली की. म्हणून तर घडी घातली.”

मास्तरांनी कोरा कागद कोनराडपुढं सरकवला. वर पेन ठेवलं.

“लिही पत्र. सही मी करतो. आधी याचं नाव शोधून घाल, मग तुझं.”