मी घडवली नाही

एका राज्यात दगड नव्हता. माती मात्र अमाप होती. दोन नद्यांच्या मधोमध वसलेलं ते राज्य. नद्या दर वर्षी नवा गाळ आणून टाकीत आणि लोक त्या गाळाचंच सगळं करीत. घरं मातीची, भांडी मातीची, पत्रंसुद्धा मातीच्या पाट्यांवर लिहिलेली. देवळं मातीच्या विटांची, पायरीवर पायरी चढवीत ढगांपर्यंत नेलेली. दारोदारी देवांच्या खुणा कोरलेल्या असत. वर चंद्रदेव सिनची कोर, तिच्याखाली सूर्यदेव शमाशची तबकडी, मग इश्तारचा आठ टोकांचा तारा आणि अगदी उंबऱ्यापाशी एक कुत्रा. हा कुत्रा गुलाचा. गुला म्हणजे दुखणी बरी करणारी देवी, आणि खरं सांगायचं तर त्या लोकांचा सगळ्यांत जास्त जीव तिच्यावरच होता. चंद्र-सूर्य थोर खरे, पण अंगात ताप भरल्यावर त्यांना कोण हाक मारणार?

गुलाची मूर्ती लाकडाची होती. एके वर्षी पाहतात तो तिला वाळवी लागलेली. राजा इब्बानने इद्दिन मूर्तिकाराला बोलावून नवी मूर्ती करायला सांगितली. त्याच्या हातासारखा हात साऱ्या राज्यात नव्हता. पण त्या उन्हाळ्यातच त्याची बायको तब्नी वारली होती. तब्नी मोठी अगत्याची बाई. दारात कोणीही येवो, नाव-गाव विचारण्याआधी ती विचारी, "जेवलात का?" ती गेल्यापासून इद्दिनच्या दारात कोणी थांबत नसे आणि इद्दिनलाही ते लक्षात येत नसे.

वर्षभर त्याने लाकूड कोरलं. त्यावर सोन्याचा पत्रा चढवला, डोळ्यांत डोंगरापलीकडून आलेले निळे खडे बसवले. मूर्ती झाली. लोकांनी पाहिली आणि एकमेकांकडे पाहिलं. देवीच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात तब्नीचं हसू होतं. कोणी बोललं नाही, कारण ते हसू पाहून सगळ्यांनाच बरं वाटलं होतं.

आता त्या राज्याची रीत ऐका. माणसाने केलेली मूर्ती म्हणजे देव नव्हे, असं ते मानीत. म्हणून नवी मूर्ती नदीकाठी नेऊन तिचं तोंड धूत. मग मूर्तिकाराचे हात लाल कापडाने बांधून त्याच्या मनगटांवर झाऊच्या लाकडाची तलवार टेकवीत, जणू ते हात तोडलेच. मग त्याने तीन वेळा म्हणायचं, "मी घडवली नाही." एवढं झालं की देवी तोंड उघडून बोले आणि पुढे ठेवलेला नैवेद्य घेई. शंभर पिढ्यांचे कारागीर हे वाक्य सहज म्हणून घरी जेवायला गेले होते.

इद्दिन मात्र अडला. पुजाऱ्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावून सांगितलं. इद्दिनने मूर्तीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मीच घडवली."

लाकडी तलवार मधोमध तडकली. इद्दिनचे दोन्ही हात मनगटापर्यंत मातीचे झाले. देवीने तोंड उघडलं नाही.

पुजाऱ्याने जुन्या पाट्या काढून वाचल्या. शाप सरळ होता. माती रोज बोटभर वर चढणार आणि काळजाला पोचली की माणूस संपणार. राजा मोठ्या मनाचा, तो स्वतः इद्दिनपाशी आला. म्हणाला, "इद्दिन, तीनच शब्द म्हणायचे होते."

"महाराज, तब्नीचं माझ्याकडे एवढंच उरलंय," इद्दिन म्हणाला. "तेही माझं नाही म्हणू?"

राजाचीही पंचाईत झालीच होती. दर नववर्षाला पुजारी राजाचा मुकुट काढून घेई आणि त्याच्या गालावर एक सणसणीत चापट मारी. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि देवी बोलली, की मुकुट परत मिळे. यंदा देवी मुकी आणि राजाच्या डोळ्यांत टिपूस नाही. पुजाऱ्याचा तळहात सुजला, राजाचा गाल सुजला आणि मुकुट देवळातल्या कोनाड्यात पडून राहिला.

इद्दिनला नुप्ता नावाची एकच मुलगी होती. बापाला घास भरवता भरवता ती रोज ती माती पाही. माती कोपरापर्यंत आली त्या दिवशी ती गुलाच्या देवळात गेली आणि उंबऱ्यावरच्या मातीच्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून खूप रडली. मग तिने त्याला उपाय विचारला. त्या राज्यात मातीचे कुत्रे क्वचितच बोलत, कारण त्यांना कोणी काही विचारीतच नसे.

"तोंड पुन्हा धुवावं लागेल," कुत्रा म्हणाला. "बिघडलेल्या विधीला घरचं सामान चालत नाही. पाताळाचं गोडं पाणी आण. सूर्याच्या दाराची झाऊची फांदी आण. अन्झू पक्ष्याच्या घरट्यातला मध आण. आणि पोरी, कोणी काही विचारलं तर खरं सांग. पुरतं खरं."

नुप्ता निघाली.

दक्षिणेच्या दलदलीत लव्हाळी संपतात तिथे पाताळदेव एन्कीची विहीर आहे. तिच्यावर शेळीमाशाचा पहारा. वरून शेळी, खालून मासा. त्याच्या शिंगांत कोळ्याचं जुनं जाळं अडकलं होतं आणि शंभर वर्षं झटके देऊन त्याने गाठी दगडासारख्या करून ठेवल्या होत्या. जाळं न तोडता सोडवलंस तर पाणी देईन, असं तो म्हणाला. नुप्ताने गाठींना हातच लावला नाही. आधी पाणी शिंपडलं, थांबली, मग टोकाकडून एकेक पीळ सैल करीत आली. संध्याकाळपर्यंत जाळं मोकळं झालं.

"कोणी सोडवलं?" शेळीमाशाने विचारलं.

"आईने," नुप्ता म्हणाली. "गाठ भिजवून थांबायचं हे तिने शिकवलं. बोटं तेवढी माझी."

त्याने एक घडा भरून दिला.

पूर्वेच्या डोंगरात सूर्य उगवायचं दार आहे. विंचूपुरुष आणि त्याची बायको ते राखतात. दोघांचं तीनशे वर्षं भांडण चाललं होतं, की दार लोटायची पाळी कुणाची. नांग्या उगारलेल्या, शेपट्या वाकवलेल्या, आणि सूर्य बिचारा अर्धवट उघड्या दारातून अंग चोरून निघे. नुप्ता पोचली तेव्हा ते तिच्यावरच ओरडले. भांडण मिटव, मग फांदी माग.

नुप्ताने कोण बरोबर, कोण चूक ते विचारलंच नाही. तिने विचारलं, "जेवलात का?"

दोघांच्या नांग्या खाली आल्या. जेवले नव्हते. भांडणाच्या भरात तीनशे वर्षांत चूल पेटली नव्हती. नुप्ताने दगडांची चूल मांडली, झोळीतलं जवाचं पीठ मळून भाकऱ्या थापल्या, सोबत कांदा दिला. सहा भाकऱ्या खाल्ल्यावर विंचूपुरुष म्हणाला की दार तो लोटील. बायको म्हणाली, नको, दमलेले दिसता, मीच लोटते. आता त्यावरून भांडण सुरू झालं, पण ते ऐकायला गोड होतं.

"भाकरी फार छान. कोणी केली?" बायकोने विचारलं.

"माझ्या आईची आहे," नुप्ता म्हणाली. फांदी मिळाली.

उत्तरेला देवदारांच्या वनात अन्झू राहतो. धड गरुडाचं, डोकं सिंहाचं. त्याच्या पंखांच्या वाऱ्याने त्याचंच घरटं दरवर्षी ढासळे आणि पिल्लं उघड्यावर पडत. टिकेल असं घरटं बांध, एवढीच त्याची मागणी होती. नुप्ता मातीच्या राज्यातली लेक. तिने चिखल तुडवला, त्यात पेंढा मिसळला, विटा थापल्या, तीन दिवसांत देवळासारखं पायऱ्यापायऱ्यांचं घरटं उभं केलं. मागे सरून पाहिलं आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"कोणी बांधलं?" अन्झूने विचारलं.

"मी बांधलं," नुप्ता म्हणाली.

घरटं वरपासून खालपर्यंत बसकन खाली आलं.

नुप्ता चिखलातच बसली. तिला बापाचा राग आला नव्हता असं नाही. तीन शब्दांसाठी जीव घालवणारा माणूस, असं वाटेत कितीदा तिच्या मनात आलं होतं. आता तिला कळलं की 'मी' किती सहज तोंडातून निघतं. आणि बापाच्या तोंडून ते गर्वाने निघालं नव्हतं, दुःखाने निघालं होतं, हेही कळलं. तिने डोळे पुसले आणि पुन्हा चिखल तुडवायला घेतला. तुडवताना आई जे गाणं म्हणे तेच ती म्हणत होती. आईच्या आईचंही तेच होतं.

अन्झूने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईने शिकवलं. तिला तिच्या आईने. पहिलं घर कोणी बांधलं ते मला माहीत नाही. मी फक्त शेवटची आहे."

घरटं जागेवर राहिलं. अन्झूने मधाचं पोळं तिच्या ओटीत घातलं आणि तिला पाठीवर बसवून दोन नद्यांच्या काठी आणून सोडलं.

इद्दिनची माती खांद्यांवरून उतरून छातीला टेकली होती. लोकांनी त्याला धरून मूर्तीपुढे उभं केलं. पुजाऱ्याने पाताळाच्या पाण्याने देवीचं तोंड धुतलं, ओठांना मध लावला. झाऊच्या फांदीची नवी तलवार मातीच्या मनगटांवर टेकली. राजा बोडक्या डोक्याने एका बाजूला उभा होता. सगळे इद्दिनच्या तोंडाकडे पाहू लागले आणि तो मूर्तीकडे पाहू लागला, अगदी पहिल्यासारखाच.

नुप्ता पुढे आली. "बाबा, हे हसू तुम्ही केलंत का?"

"मीच केलं. या हातांनी."

"आई हसायची तेव्हा तुम्ही तिला हसायला शिकवलं होतंत?"

इद्दिन म्हणाला, "नाही. ती तशीच हसत आली होती."

"मग तेवढंच सांगा. आईला नाही म्हणायचं नाही. फक्त 'मी' म्हणायचं नाही."

इद्दिन रडू लागला. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता. रडत रडतच म्हणाला, "मी घडवली नाही." थोडं थांबून म्हणाला, "मी घडवली नाही. मी फक्त पाहिली होती." आणि तिसऱ्यांदा इतक्या हळू म्हणाला की ते फक्त मूर्तीलाच ऐकू गेलं.

छातीवरची माती सुकून पापुद्र्यांनी गळाली. खांदे मोकळे झाले, कोपर झाले, मग दहाही बोटं. आत हात होते तसेच होते. नखांत लाकडाचा भुसादेखील होता.

मग देवीने डोळे हलवले. डाव्या कोपऱ्यातलं हसू जरा रुंदावलं. पुढे मेंढीचं दूध, खजूर, मासे, भाकऱ्यांची चळत असा मोठा नैवेद्य मांडला होता. देवीने त्याला हात लावला नाही. जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवून तिने आपलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"जेवलात का?"

नुप्ताने इद्दिनचा हात धरला. आणि राजा इब्बान, ज्याला जन्मभर जेवण तयार असल्याचं सांगितलं गेलं पण जेवलास का असं कधी कोणी विचारलं नव्हतं, तोंडावर शेला घेऊन लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. पुजाऱ्याने सुजलेला हात आशीर्वादासाठी वापरला आणि मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या वर्षी चापट मारावी लागली नाही.

तेव्हापासून गुलाच्या देवळात आधी आलेल्यांचं जेवण होतं, मग देवीचं. उंबऱ्यावरचा कुत्रा सगळे आत गेले का ते पाहतो. मूर्ती कोणी घडवली असं विचारलं तर तिथे कोणी सांगत नाही. आणि ही गोष्टही मी घडवली नाही. मला कोणीतरी सांगितली, त्याला त्याच्या आईने.